पिलांवर टांगलेला थंड दिवा

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नकोत. मी वीज वाचवणारा दिवा. पंधरा वॅटचा, पांढऱ्या उजेडाचा. कारखान्यात माझ्या काचेच्या नळीत जरासा पारा घातला, तेव्हा एक कामगार दुसऱ्याला म्हणाला, हा फुटला तर हात लावू नकोस बरं. तेव्हापासून मी धास्तावलेलाच.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत राजरत्ननं मला साताऱ्यात विकत घेतलं आणि कोरेगावजवळच्या त्याच्या गावी आणलं. एसटीत मी त्याच्या मांडीवर होतो. खड्डा आला की माझा जीव मुठीत.

घरात त्याची आई बनाबाई आणि बारावीला असलेली बहीण आम्रपाली. राजरत्ननं माझी एवढी तारीफ केली, की मलाच लाज वाटली. उजेड साठच्या बल्बाएवढा, वीज मात्र चौथाई, आणि वर्षानुवर्षं टिकणार. आम्रपालीला मी अभ्यासाला हवा होतो. पण राजरत्नला सगळ्यात जास्त वीज खाणारा दिवा आधी बदलायचा होता. तो म्हणजे कोपऱ्यातल्या खोक्यावर रात्रंदिवस जळणारा शंभरचा पिवळा बल्ब.

त्या खोक्यात तुसावर चाळीस पिलं होती. सांगलीहून आणलेली, चार दिवसांची, बिनआईची. बनाबाई जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेली. स्वतःचं म्हणावं असं तिचं हे पहिलंच. ती शेजारी हरणाबाईकडे गेली होती. तेवढ्यात राजरत्ननं पिवळा उतरवून खिडकीत ठेवला, त्या जागी मला टांगलं आणि खुशीत आंघोळीला गेला.

दिवेलागणीला गारठा उतरला. पिलं सवयीनं माझ्याखाली जमली, माना वर करून चिवचिवू लागली. मग एकमेकांवर चढायला लागली. खालची चेंगरत होती. मी घाबरून गेलो. मी जीव तोडून जळत होतो, पण ऊब आणू कुठून? उष्णतेत वीज उधळत नाही, हाच तर माझा मोठेपणा. त्या संध्याकाळी मला तो नकोसा झाला.

बनाबाई आली. खोक्यात हात घालून तिनं पिलं चाचपली, मग मला बोट लावून पाहिलं.

"उजेड लय झाला रं," ती म्हणाली, "पन ऊब कुठं हाय?"

राजरत्नचा चेहराच उतरला. तो पिवळा बल्ब आणायला धावला, आणि घाईत बल्ब ओल्या हातातून निसटून फुटला. काचांचा आवाज ऐकून माझ्या मनात नको ते आलं. आता मला ओढून काढताना असंच सोडलं तर? माझा पारा त्या पिलांवर! पण बनाबाईनं त्याला मला हात लावू दिला नाही आणि सायकलवर दुकानाकडे पिटाळलं. आम्रपालीनं चुलीतले निखारे घमेल्यात भरून आणले, वर राख पसरली. बनाबाई एकेक पिलू उचलून पाही. कोणतं हलतंय आणि कोणतं नाही, ते माझ्याच उजेडात दिसत होतं.

तीन हलली नाहीत.

राजरत्न नवा शंभरचा घेऊन आला, तेव्हा त्यानं ती तीन पिलं पाहिली. चुकलं माझं, एवढंच बोलला. बनाबाईनं मला हळूच उतरवून नवा बल्ब खोक्यावर टांगला.

"दिवा वाईट न्हाई," ती म्हणाली. "जागा चुकली त्येची."

आता मी आम्रपालीच्या टेबलावर आहे. व्होल्टेज पडलं की मी लुकलुकतो, सावकाश पेटतो, ती चिडत नाही. बाबांनो, मला खुशाल लावा, मी इमानानं जळेन. फक्त खाली कोण बसणार ते आधी बघा. आणि फुटलोच, तर नुसत्या हातानं गोळा करू नका.

राहिलेली सदतीस आता घरभर हिंडतात. संध्याकाळी गारठा पडला, की त्यातलं एखादं टेबलाखाली येतं, माझा उजेड बघून अंग चोरून बसतं आणि डोळे मिटतं. माझी गाळण उडते. आम्रपाली, उचल गं त्याला, असं मी ओरडतो. ती पान उलटते. दिव्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?