खिशातला फ्यूज

चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून वायरमनने खिशात हात घातला आणि बोटांना फ्यूज लागला.

फ्यूज घराजवळच्या रस्त्यावरचा होता. पायी जाणाऱ्यांसाठी तिथे पांढरे पट्टे होते, आणि दोन महिन्यांपूर्वी यानेच तिथे लुकलुकणारे पिवळे दिवे बसवले होते. बटण दाबलं की दिवे उघडझाप करायचे आणि गाड्या थांबायच्या. काम चालू असताना फ्यूज खिशात ठेवायचा, म्हणजे मागून कुणी शहाणा तो लावणार नाही, ही त्याची वीस वर्षांची सवय. सकाळी दिवे पुसताना तेच केलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, इकडे ताबडतोब ये म्हणून. पठ्ठ्याने फ्यूजची पेटी लावली आणि निघाला!

दिव्यांची तोंडं गाड्यांकडे. चालणाऱ्याला दिसते ती नुसती त्यांची काळी पाठ. त्याला कळावं म्हणून बटणाशी टुकटुक आवाज ठेवलेला, आणि त्याची तार वेगळी. दिवे मेले तरी टुकटुक चालूच राहणार.

आणि चार वाजता आई पलीकडे मावशीकडे जाणार. तिला लांबचं धड दिसत नाही. गाड्या बघून ती रस्त्यात मध्येच थिजायची, म्हणून यानेच तिला दहा वेळा बजावलं होतं: टुकटुक सुरू झालं की खाली मान घालून चालायला लागायचं, गाड्यांकडे बघायचंच नाही. आई एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण हे मात्र तिने ऐकलं होतं.

त्याने फोन लावला. तो घरी तिच्या उशाशी वाजत राहिला. बाहेर जाताना ती कधी नेईल तर शपथ. त्याने स्कूटर काढली. वाटेत एक रुग्णवाहिका आडवी गेली तेव्हा तो मोठ्याने रडलाच, चक्क रस्त्यात, बाप्या माणूस.

वळणावरून त्याला आई दिसली. बटणावर बोट, मान खाली. पहिलं पाऊल पट्ट्यावर पडलं. डावीकडून ट्रक येत होता, मस्त आपल्याच तोऱ्यात, वेग जराही कमी न करता. त्याने स्कूटर तिथेच टाकली आणि दोन्ही हात पसरून ट्रकपुढे उभा राहिला. डोळे गच्च मिटले. ब्रेक करकचून लागले. उघडून बघतो तर ट्रकची नंबरपाटी हाताच्या अंतरावर.

ड्रायव्हरने त्याच्या सात पिढ्या काढल्या. आई मात्र ठरल्याप्रमाणे पलीकडे पोचली आणि मगच वळली. "अरे, बटण न दाबता मध्ये घुसतोस? मला तोंड वर करून शिकवतोस ना?"

पेटी उघडून त्याने फ्यूज बसवायला घेतला, पण तो काही केल्या खाचेत बसेचना. शेवटी आईनेच त्याचं मनगट धरलं. तो काय करतोय, ते तिला कळत नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "उद्यापासून गाड्यांकडे बघून चालत जा."

"का रे? दिव्यांवर भरवसा नाही?"

"दिव्यांवर आहे," तो म्हणाला, "माझ्यावर नाही."