कासिल्दाला दिलेला बैल

सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देणारी बहीण, असं कासिल्दाला गावात तोंडावर म्हणत. भाऊ लिसार्दो मातादोर, म्हणजे रिंगणात बैलाशी झुंजून त्याला तलवारीने मारणारा, आणि ही दर ऑगस्टात जत्रेच्या दिवसांत रिंगणाच्या दाराबाहेर ‘बैलझुंज बंद करा’ असा फलक घेऊन उभी. यंदा तिच्यासोबत बंदी मागणाऱ्या मंडळींनी दारोदार फिरून ही मागणी नगरपालिकेपर्यंत नेली होती. जत्रा संपली की सोमवारी सभासदांचं मतदान, आणि दोन्ही बाजू अगदी तोडीस तोड.

झुंजीच्या सकाळी म्हातारी आई पेत्रोनिला तिच्या खनपटीलाच बसली. मातादोरांच्या घरच्या बायका रिंगणात पाऊल टाकत नाहीत. मेरीमातेपुढे मेणबत्ती लावून घरी बसतात. पण लिसार्दोचा गुडघा अजून बरा झाला नव्हता.

“घरचं कुणीतरी असू दे गं तिथे,” आई म्हणाली. “फलक काय, उद्याही धरता येईल.”

कासिल्दाला नाही म्हणवेना. बाहेर उभ्या असलेल्या आपल्याच माणसांसमोरून ती मान खाली घालून आत गेली आणि पहिल्या रांगेत बसली.

बैल मारायची वेळ आली तेव्हा लिसार्दोने तिला पाहिलं. मातादोर बैलाचं मरण कुणाला तरी अर्पण करतो आणि आपली काळी टोपी त्याच्या हाती सोपवतो. याहून मोठा मान त्या गावात नाही. लिसार्दो लंगडत सरळ तिच्यापुढे आला आणि त्याने टोपी पुढे केली.

“कासी, हा बैल तुला,” तो म्हणाला. “एकदा जवळून बघ. मग कळेल तुला.”

ज्याला हे पटत नाही त्याने ते नीट पाहिलेलंच नसतं, अशी त्या गावाची भाबडी खात्री. लिसार्दोच्या मनात कपट नव्हतं. पण टोपी घेतली तर बैलाचं मरण पदरात घेतल्यासारखं, आणि नाकारली तर ऐन वेळी भावाला अपशकुन. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता; त्याचा होता, आणि तलवार मारताना त्याचा हात थरथरला असता तर? तिने टोपी घेतली. टाळ्यांचा कडकडाट झाला, फोटो निघाले.

तलवार नीट लागली नाही. पुन्हा मारली, पुन्हा हाडावर अडली. रक्ताच्या गुळण्या टाकत बैल कडेकडेने चालत आला आणि नेमका कासिल्दाच्या समोर कुंपणाच्या फळ्यांना टेकून उभा राहिला. त्याच्या धापांनी फळ्या हलत होत्या.

“कासी, बघू नकोस,” लिसार्दो हलकेच म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मला दिलायस ना? मग मी बघणार.”

सोमवारपर्यंत तिचा टोपी घेतानाचा फोटो घरोघरी पोचला. “बाई, तुझ्यामुळे आम्ही तोंडघशी पडलो,” असं म्हणून तिच्याच मंडळींनी तिला गप्प बसायला सांगितलं. सभेत एका सभासदाने फोटो उंच धरला. “काय गं, मान घेताना गोड लागला, आणि आता बंदी हवी?” सभागृह हसलं.

कासिल्दा उठली. “हो, घेतली टोपी. भाऊ आहे माझा. सगळ्या गावादेखत तो बैल माझा झाला, तर माझ्या बैलाचं काय झालं ते मी सांगणारच.”

तिने सगळं सांगितलं. “शेवटी तो गुडघ्यांवर बसला. मानेत सुरी मारली, तसा आडवा झाला. मेला. सुटला बिचारा.”

“मेला नव्हता.”

सगळ्या माना मागे वळल्या. दाराशी लिसार्दो उभा होता.

“खेचरं जुंपून ओढत नेला, तेव्हा त्याचा डोळा माझ्यावर होता,” तो म्हणाला. “फिरत होता. मी पाहिलं. आणि हा काही पहिला नव्हे.”

कासिल्दाला आनंद झाला नाही. त्याच्याकडे बघून तिला नुसतं रडू आलं.

“अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?” नगराध्यक्ष ओरडले.

लिसार्दोने बहिणीकडे पाहिलं. “टाळ्या चालू असायच्या,” तो म्हणाला.