गालाला लावलेला फ्लास्क

आईच्या बाटलीत डायक्रोमेटचं द्रावण आता जेमतेम एक ब्युरेट, म्हणजे चावीची मोजनळी, भरेल एवढंच उरलं होतं. आई गेल्यावर पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेतलं तिचं टेबल मुलीकडे आलं, पण टेबलाची पत काही आली नाही. मुलीनं केलेली दोन्ही द्रावणं आईच्या द्रावणाशी जुळेनात. दर वेळी जरा कडकच निघत. आज तिसरंही फसलं तर यापुढे कंपनीच्या तयार बाटल्या मागवायच्या आणि ते टेबल हलवून तिथं मशीन बसवायचं, असं साहेबांनी आवाज न चढवता सांगून टाकलं होतं.

तिनं पुन्हा डायक्रोमेटची नारिंगी भुकटी वाळवली, जीव मुठीत धरून तोलली. लवकर विरघळावी म्हणून नेहमीसारखं गरम पाणी घेतलं. द्रावण लांब मानेच्या फ्लास्कमध्ये ओतलं आणि मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी घालायला पिपेट उचललं.

शेजारच्या टेबलावर आईची जुनी मैत्रीण बसायची. सगळ्या प्रयोगशाळेची ती मावशी. ती चष्म्यावरून बघत होती.

"गाडी सुटतेय का गं तुझी? तुझी आई इथवर आली की फ्लास्क गालाला लावून बसायची. आम्ही म्हणायचो, बाईंची डुलकी चालू झाली."

मुलीचा हात थबकला. लहानपणी ताप बघायलाही आई गालच लावायची. दिवसभर काच धुणाऱ्या हातांना काय कळतंय, म्हणायची. तिनं फ्लास्क गालाला लावला. अंगात कणकण असावी तसा तो कोमट होता. म्हणजे दोन्ही वेळा तिनं खूण गाठली होती ती उबेनं फुगलेल्या पाण्यानं. निवल्यावर पाणी खुणेखाली बसलं आणि द्रावण कडक झालं.

"मावशी, आई झोपत नव्हती," ती म्हणाली. "ताप उतरायची वाट बघायची."

मावशी बराच वेळ चष्मा पुसत राहिली. मधे साहेब डोकावले, काम का थांबलंय म्हणाले. मावशीनंच परस्पर सांगितलं, की पेशंटला अजून ताप आहे, मागाहून या.

काच गालाला ऊनही लागेना आणि गारही लागेना, तेव्हा कुठे तिनं थेंबाथेंबानं खूण गाठली.

मग आईचं उरलंसुरलं द्रावण ब्युरेटमध्ये भरलं. क्षणभर चावीवर बोटं थांबली. तिनं ती फिरवली. खालच्या चंबूतला हिरवा रंग एका थेंबासरशी जांभळा झाला. परत आलेल्या साहेबांनी किती द्रावण लागलं तो आकडा लिहून घेतला. आता तिच्या द्रावणाची पाळी. हिरवा, हिरवा, आणि जांभळा. साहेब वाकून बघत राहिले, चष्मा काढून पुन्हा बघितलं, परत करायला लावलं. आकडा आईच्या आकड्यावरून हलला नाही.

"मशीन खिडकीपाशी बसेल," एवढंच बोलून ते गेले.

तिनं आईची रिकामी बाटली आधी पाण्यानं विसळली, मग आपल्या द्रावणानं, आणि गळ्यापर्यंत भरली. बूच लावायच्या आत मावशीचं बीकर पुढे आलं.

"ओत इकडं. तुझ्या आईचं किती दिवस पुरवून पुरवून वापरलंय मी."

तिनं सढळ हातानं ओतलं.