एका दिवसाची प्रयोगशाळा

मी एक जुनी काचेची बरणी आहे. पोट मोठं, गळा आखूड, झाकण पितळेचं. मित्रांनो, पेंढ्यात गुंडाळून मला रेल्वेने कारंज्याला आणलं आणि मुनाफभाईंच्या दुकानात मी लिमलेटच्या गोळ्या सांभाळू लागले. पोरं माझ्याकडे फार प्रेमाने बघत. तसं पुढे फक्त विद्यापीठाच्या साहेबांनी बघितलं.

इंग्रज जायच्या बेतात होते, तेव्हा गावातले बडे असामी दौलतराव यांनी कापसाच्या बंद जिनिंग कारखान्यात स्वतःचं कॉलेज काढलं. त्यांना इंटर सायन्सचा वर्ग हवा होता. डॉक्टरीला जायचं तर आधी तो करावा लागे. वर्गासाठी मान्यता हवी, मान्यतेसाठी प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेसाठी बरण्या. म्हणून दौलतराव दुकानात आले.

"मुनाफभाई, एका दिवसासाठी बरणी द्या. लग्नघरी भांडी देता तशी."

"न्या की. पन आमची लतीफा मॅट्रिक झाली. तिले डॉक्टरीन व्हायचं हाय."

"मंग तिलेबी पाठवा! तपासणीच्या साहेबाले वर्गात पोरगी दिसली पायजे. पयली जागा तिचीच."

आतून लतीफाची आई जुबेदाबी म्हणाली, "शब्द पक्का हाय ना, भाऊ? नाहीतर लोक हासतीन."

"अवो भाभी, पोरगी आपलीच हाय."

तपासणीच्या दिवशी माझ्यात स्पिरिट ओतून एक मेलेली पाल सोडली. शेजारी शरबताच्या बरणीत बेडूक होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. लतीफा पहिल्या बाकावर बसली होती. साहेबांनी मला उचललं आणि तिला विचारलं, "पालीची शेपटी तुटली तर?"

"पुन्हा येते, साहेब."

साहेब खूश झाले. कारंज्यात मुली शास्त्र शिकतात, असं त्यांनी लिहून नेलं. मान्यता आली.

जुलैत मुनाफभाई लेकीला घेऊन प्रवेशाला आले. प्रयोगशाळेचं तोवर ऑफिस झालं होतं. मी दौलतरावांच्या खुर्चीमागे फळीवर होते.

"मुनाफभाई, वर्ग माडीवर हाय, अन् पोरीसाठी येगळा जिना नाही. पुढच्या साली पाहू."

"त्या दिवशी कोन्या जिन्यानं नेली व्हती तिले?"

दौलतरावांनी चहा मागवला. "अन् हे तुमची बरणी. नेता जा."

लतीफाने मला छातीशी धरून घरी आणलं.

आमच्याकडे मागून नेलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत; चिमूटभर साखर तरी घालतात. दौलतरावांनी ही रीत पाळली. पाल माझ्यातच होती. रिकामी परत आली ती लतीफा.

जुबेदाबीने राखेने घासघासून मला स्वच्छ केलं. तरी आजही झाकण उघडलं की पोरं नाक दाबतात. गोळ्या दुसऱ्या बरणीत गेल्या. कॉलेज मात्र जोरात चाललं आहे, म्हणतात.

मित्रांनो, बरणी खुशाल मागून न्या. घासून परत द्या, एवढंच माझं मागणं. पण कुणाची लेक एका दिवसासाठी मागून नेऊ नका. तिला घासायला राख कुठली आणणार?