कीबोर्ड पालथा केल्यावर

चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर, अठरा पायऱ्या चढून गेलं की मिस्त्रीची खोली. तो फक्त कीबोर्ड दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक आलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचाही नाही. कीबोर्ड घ्यायचा, पांढऱ्या कागदावर पालथा धरायचा, पाठीवर दोन थापा मारायचा आणि जे पडेल ते वाचायचा. बिस्किटाचा चुरा, कुरतडलेली नखं, सिगारेटची राख, डोक्यातला कोंडा.

"माणूस तोंडाने खोटं बोलेल," तो म्हणायचा, "पण त्याचा कीबोर्ड पोटातलं सगळं ओकतो."

आणि ओकलेलं वाचून वाचून त्याच्या मनातून माणूसजात पार उतरली होती. एका कचेरीच्या खरेदीसाहेबाने दोनशे लोकांसाठी एकाच मापाचे, पापुद्र्यासारखे चपटे कीबोर्ड घेतले, तेव्हा मिस्त्री त्याला म्हणाला, "साहेब, स्वतःचा बूट घेताना दुकानात तीन फेऱ्या मारून बघता. दोनशे माणसांच्या हातांसाठी फेरी कुणी मारली?" एका लेखकाला खणखणीत आवाजाचा कीबोर्ड हवा होता. त्याच्या जुन्या कीबोर्डाच्या पोटातून काहीच पडलं नाही, नुसती धूळ. "यांना आवाज पाहिजे, मजकूर नको," मिस्त्रीने निकाल दिला.

पण खरा राग गेम खेळणाऱ्यांवर. "चार बटणांचे राजे. डाव्या हाताखालची चार झिजवायची आणि बाकीच्या शंभरांना दिवे लावायचे."

आणि नेमका असलाच एक राजा त्याचा जावई होता. खेळांच्या स्पर्धांत खेळून पोट भरणारा. त्याचा कीबोर्ड तर धड एकसुद्धा नव्हता. मधोमध चिरलेले दोन तुकडे, मध्ये एक वायर. पहिल्यांदा बघितला तेव्हा मिस्त्रीने विचारलं होतं, "भावाभावांनी वाटून घेतला का?"

लेक मात्र बापाच्या हाताखाली तयार झालेली. सात वर्षांची असताना त्याने तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि बोटांना त्यांची त्यांची घरं दाखवली. त्यासाठी गाणंही रचलं होतं.

करंगळीबाई कोपऱ्यात राही,
तिच्या घरी कोणी येतच नाही.
अंगठोबा लठ्ठ, आडवा बसे,
शब्दाशब्दांत सांदी असे.

आता ती इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलेलं टाइप करायची. येत्या सोमवारी तिची मोठी परीक्षा होती. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सभागृहातलं बोलणं त्याच क्षणी पडद्यावर उमटवायचं, असं ते काम. जागा एकच, उमेदवार चाळीस. इस्पितळातलं काम महिनाअखेर बंद होणार होतं, म्हणजे ही जागा गेली तर हातात काहीच नाही. परीक्षेला स्वतःचा कीबोर्ड आणायची मुभा होती, आणि मिस्त्रीला वाटलं, ही मुभा आपल्यासाठीच दिलीय.

तीन आठवडे खपून त्याने कीबोर्ड बांधला. लोखंडी सांगाडा, ताठ स्प्रिंगा, प्रत्येक बटणाला वजन. "अक्षर असं फुकट उमटत नाही, बोटाला कळलं पाहिजे," म्हणत तिच्या हातात दिला. लेक म्हणाली, "छान आहे, बाबा." एवढंच. मिस्त्रीला वाटलं, भरून आलं असेल पोरीला.

शनिवारी सकाळी जावई एकटाच पायऱ्या चढून आला. काखोटीला दोन तुकडे.

"या, सेनापती," मिस्त्री म्हणाला. "कुठल्या लढाईत पडला?"

"एक बटण बिघडलंय, बाबा. एकदा दाबलं की दोनदा उमटतं."

"कुठलं?"

"त."

मिस्त्रीने मान वर केली. "मराठी त उजव्या तुकड्यावर. खेळताना तुमचा उजवा हात माऊसवर. मग हा तुकडा झिजवतं कोण, शेजारी?"

जावई खिडकीबाहेर बघायला लागला.

मिस्त्रीने आधी डावा तुकडा पालथा केला. बिस्किटाचा चुरा पडला, मूठभर. "वाटलंच," तो म्हणाला. मग उजवा पालथा केला आणि दोन थापा मारल्या.

आधी एक लांब केस पडला. मग पट्टीचे पांढरे धागे. मग मलमाच्या पिवळट खपल्या. त्याने एक बोटावर घेऊन वास घेतला. कापराचा.

"केस वाढवलेत का?" त्याने विचारलं, पण आवाजातली धार गेली होती.

"तिचा हात दुखतोय, पाच महिने झाले," जावई म्हणाला. "करंगळी बधिर होते, मनगटात चमक येते. तुमचा कीबोर्ड दोन दिवस वापरून बघितला तिने. तिसऱ्या दिवशी चहाचा कप धरवेना. माझ्या तुकड्यांवर जरा बरं पडतं. हात खांद्यासमोर राहतात, मनगट मुरगळत नाही. बटणंही हलकी आहेत."

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्हीच म्हणता ना, हात दुखतो म्हणणारा टायपिस्ट म्हणजे पाण्याला भिणारा मासा. आमच्या घरात ते पाठ आहे. ती खाली उभी आहे, चष्म्याच्या दुकानात. वर यायला नको म्हणाली."

मिस्त्रीने खिडकीतून हाक मारली. लेक वर आली ती ओढणीखाली हात लपवून.

"दाखव."

तिने दाखवला. जगातल्या सगळ्या हातांची कुंडली मांडणारा हा माणूस. घरातला हात त्याने कधी उताणा करून बघितला नव्हता. करंगळीला त्याने टाचणीचं टोक लावलं. ती दचकली नाही.

"बाबा, तुमचं गाणं चुकलंय," ती हळूच म्हणाली. "करंगळीच्या घरी कोणी येत नाही म्हणे. एंटर तिच्याकडे, शिफ्ट तिच्याकडे, चूक खोडायची तीही तिनेच. दिवसभर पाहुणे असतात तिच्याकडे. उठबस करून मेली बिचारी."

मिस्त्रीने दिवा ओढून घेतला, उजवा तुकडा उघडला. बटणाखालचा स्विच खराब झाला होता. तसला हलका स्विच खोलीत एकही नव्हता. असलं लोण्याचं सामान मी ठेवत नाही, असं तो वीस वर्षं सांगत आला होता.

"माझ्या डाव्या तुकड्यातला काढा," जावई म्हणाला. "खेळात पुढे पळायचं बटण आहे ना, त्याचाच काढा."

"तुमचा पळून पळून झिजलेला? माझ्या लेकीच्या बोटाखाली?" मिस्त्रीने डाव्या तुकड्यावरून बोट फिरवलं आणि कोपऱ्यातल्या, कधी कुणी न दाबलेल्या बटणावर थांबला. "हा घेतो. कोरा आहे. तुमच्या आळसाचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला."

लेक हसली. मिस्त्रीने तो स्विच उजव्या तुकड्यात बसवून कथलाचा डाग दिला.

मग त्याने दोन्ही तुकडे टेबलावर मांडले, तिला बसवलं आणि मागे उभं राहून, तिचे खांदे बघत, तुकडे एकेक बोटभर सरकवत राहिला. बरोबर जागा सापडली तेव्हा खडूने टेबलावर दोन चौकोन आखले आणि दोघांमधलं अंतर मोजून कागदावर लिहून दिलं. "सोमवारी हे माप घेऊन बस. परीक्षक हसले तर हसू दे. त्यांचे कीबोर्ड मी बघितलेत."

ती जागा तिला मिळाली.

लोखंडी कीबोर्ड परत आला. मिस्त्रीने सवयीने तो पालथा केला, थापा मारल्या. काही पडलं नाही. तीन आठवड्यांची कारागिरी, आणि आत माणूस असा कुणी राहिलाच नव्हता. त्याने तो वरच्या फळीवर, तो लेखक टाकून गेला होता त्या कीबोर्डाशेजारी ठेवून दिला.

पुढच्या महिन्यात जावई ते दोन तुकडे साफ करायला घेऊन आला. मिस्त्रीने या वेळी उजवा आधी पालथा केला. लांब केस पडला. कापराचा वास नव्हता. त्याने आणखी दोन थापा मारल्या, मग आणखी दोन. धागा एकही नाही.

मग डावा केला, आणि कागद चुऱ्याने भरला.

"सेनापती," मिस्त्री म्हणाला, "बशी नावाची वस्तू ऐकलीय का?" आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत खिशातून काढलेला नवा, हलका स्विच बसवायला लागला.