अकरा रेघांची गाडी

शोरूमच्या मागच्या अंगाला, गाड्या धुवायच्या जागेला लागून, पत्र्याची एक शेड होती. नवी गाडी घ्यायला येणारे लोक आपली जुनी गाडी तिथे सोडत आणि पुढच्या काचेच्या दालनात थंड हवेत जाऊन बसत. तोवर शेडमध्ये त्या जुन्या गाडीचं काय करायचं ते ठरे. ठरवणारी बाई चाळिशीची, अंगानं सडपातळ आणि बोलायला कंजूष. तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण पाठीमागे म्हटलेलंही तिला कळायचंच.

भिंगबाईचा एक नेम होता. आधी गाडी, मग माणूस. गाडी पाहून होईपर्यंत ती मालकाचं तोंडही बघत नसे. "माणूस हौसेनं खोटं बोलतो," ती म्हणायची, "पत्र्याला तेवढी हौस नसते." दुसरा नेम याहून विचित्र. गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते दाखवणाऱ्या आकड्यावर ती सुरुवातीलाच कागदाचा तुकडा चिकटवायची. मग पेडलचं रबर, स्टिअरिंगवरची झिलई, सीटची कड, दारांच्या बिजागऱ्या, ब्रेक, क्लच, सगळं तपासून आपला अंदाज वहीत लिहायची आणि मगच कागद काढायची. अकरा वर्षांत तिचा अंदाज चार-पाच हजारांपलीकडे चुकला नव्हता. त्याहून जास्त फरक निघाला तर चूक तिची नसायची. कोणीतरी आकडा मागे फिरवलेला असायचा.

त्या दिवशी शेडमध्ये एक राखाडी, छोटी गाडी उभी होती. वय चोवीस वर्षं. भिंगबाईनं कागद चिकटवला आणि कामाला लागली.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र तिनं प्रत्येक पत्र्यावर टेकवलं. सगळीकडे शंभर मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे कारखान्यातून आलेला रंग, कुठेही पोचा बुजवून वरून लपवालपवी केलेली नाही. चारही कोपऱ्यांवर तिनं आळीपाळीनं भार देऊन पाहिला. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि शहाण्या मुलासारखी स्थिर झाली. ब्रेकच्या पेडलचं रबर मूळचंच होतं आणि त्याच्यावरची नक्षी अजून बोटाला लागत होती.

शेवटी तिनं पुढच्या सीटसमोरचा कप्पा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. सारख्या उंचीच्या, अकरा. शेजारी दोऱ्यानं बांधलेला पेन्सिलीचा बोटभर तुकडा. लोक गाडीत काय काय मोजतात, असं म्हणून तिनं झाकण लावलं आणि वहीत अंदाज लिहिला, नव्वद हजार.

मग तिनं कागद काढला. आकडा होता तीन लाख सत्याऐंशी हजार चारशे बारा.

भिंगबाईनं चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

आकडा मागे फिरवणारे तिनं शेकड्यांनी पाहिले होते. पुढे फिरवणारा अजून जन्माला यायचा होता. स्वतःच्या हातानं स्वतःच्या गाडीची किंमत कोण पाडेल? मग एकच शक्यता उरत होती आणि ती वाईट होती. खूप चाललेल्या, मोडीत गेलेल्या गाडीचे कागद आणि नंबर घ्यायचे आणि चोरीच्या, कमी चाललेल्या गाडीवर चढवायचे. असला प्रकार तिनं दोनदा पकडला होता.

आरसा आणि बॅटरी घेऊन ती गाडीखाली गेली. सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाहिला, इंजिनावरचा पाहिला. अक्षरांच्या कडांवर कानस फिरल्याची खूण नव्हती. सहा काचांच्या कोपऱ्यांत काच बनल्याचं साल असतं, ते पाहिलं. सीटच्या पट्ट्यांच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या. सगळं एकाच वर्षीचं. गाडी तीच होती, आणि तिनंच ते सगळं अंतर कापलं होतं. चाळीस मिनिटांच्या कामाला दोन तास झाले होते.

"भिंगबाई," मॅनेजर शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "गाडी फक्त ठेवून घ्यायचीय. तिच्याशी लग्न नाही लावायचं."

"आकडा जुळत नाही."

त्यानं आत वाकून पाहिलं. "पावणेचार लाखांच्या वर? मग जुळवायचंय काय? पंधरा वर्षांपुढची किंवा दोन लाखांपुढची गाडी सरळ दाबयंत्रात, चेपून भंगारात. तुमची सही असेल तरच दुसऱ्या कोणाला विकता येते, आणि तुमची सही म्हणजे उंबराचं फूल. दहा वर्षांत आम्ही पाहिलेली नाही."

ते खरं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं अशा एका गाडीवर 'योग्य' लिहून सही केली होती. दोन महिन्यांनी उतारावर त्या गाडीचे ब्रेक गेले. माणसं वाचली, पण त्यांतल्या एकाला पुढे काठी लागली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. भिंगबाईनं ताक पिणंच सोडलं होतं.

"दाबयंत्राचा कागद करून ठेवा," मॅनेजर म्हणाला. "त्यांची नवी गाडी तयार आहे. आज घेऊन जाणार आहेत."

"आधी मालकाला भेटते," ती म्हणाली.

काचेच्या दालनात सत्तरीचा एक दांडगा गृहस्थ उभा होता. आयुष्य लाकडाच्या वखारीत गेलेलं, त्यामुळे आवाज ओरडून बोलल्यासारखा. त्याच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत त्याची बायको बसली होती. इतकी लहानखुरी, की तिच्या मांडीवरची पर्स तिच्याहून मोठी वाटत होती. डोळे मात्र वर्गात शेवटच्या बाकावर कोण बोलतंय ते ओळखणारे.

"गाडीला ड्रायव्हर कोण होता?" भिंगबाईनं विचारलं.

"मी," वखारवाले म्हणाले. "दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही."

"तीन लाख सत्याऐंशी हजार किलोमीटर?"

"मग काय. ही कॉलेजात गणित शिकवायची. जाऊन येऊन साठ किलोमीटर. शिवाय दवाखाने."

"काका, गाडी नव्वद हजार चालल्यासारखी दिसते. अशी गाडी मी पाहिलेली नाही. म्हणून विचारते, खरं काय ते सांगा."

त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी खोटं बोलतो?"

"अहो, बसा," बायको म्हणाली. "ती तुम्हाला शाबासकी देतेय आणि तुम्ही भांडताय." मग ती भिंगबाईकडे वळली. "मुली, मी हाडाची मास्तरीण, पण हाडंच कच्ची. जन्मापासून. काचेच्या बरणीसारखी. गाडीनं जोरात गचका खाल्ला तर बरगडी जाते. आता समजलं?"

भिंगबाईला अर्धं समजलं. उरलेलं अर्धं डोक्यात शिरत नव्हतं.

"त्या झाकणावरच्या रेघा," ती सावकाश म्हणाली.

"ह्यांनी मला दिलेले धक्के. चोवीस वर्षांचे."

"अकरा?"

"दहा," वखारवाले म्हणाले. "सातवी मला मान्य नाही. मध्ये कुत्रं आलं होतं."

"कुत्रं तुम्हाला लांबून दिसलं होतं. तुम्ही क्रिकेटचं सांगत होतात."

"वाचलं ना कुत्रं?"

"कुत्रं वाचलं. माझं मनगट गेलं." ती भिंगबाईला म्हणाली, "अकरांत दोनदाच हाड मोडलं. बाकी नऊ वेळा नुसता राग आला. आणि घरात बघशील तर ह्यांच्या हातून कपबशी टिकत नाही. चहा आणतात तो निम्मा बशीत."

भिंगबाईनं मनातल्या मनात भागाकार केला. तिची ती सवयच होती. पस्तीस हजार किलोमीटरला एक धक्का. पृथ्वीला वळसा घालायला निघालं आणि पुरा व्हायला थोडं उरलं, की एक. भागाकार बरोबर होता. पण तिला तो पुन्हा करून पाहावासा वाटला.

"गेल्या वर्षी गालिच्यात पाय अडकला आणि कंबरेचं हाड गेलं," बायको सांगत होती. "त्यात गाडीचा दोष नाही. आता खुर्चीसकट आत जाता येईल अशी गाडी हवी, म्हणून ही नवी घेतली. पण जुनी तुम्ही चेपून टाकणार म्हणतात. हिनं माझी हाडं तळहातावरच्या फोडासारखी जपली. आणि हिची आम्ही मोडू द्यायची? किमतीचं राहू दे. कोणाच्या तरी दारात ती चालती राहू दे, एवढंच मागायला बसलेय."

"मला एकदा बसून बघावं लागेल," भिंगबाई म्हणाली. "काका चालवतील. तुम्हीही या."

मास्तरीणबाईंना खुर्चीतून सीटवर बसवायला सात मिनिटं लागली. वखारीतले ते दांडगे हात तिच्या पाठीखाली गेले आणि थांबले. ती "हं" म्हणाली तेव्हा उचलले. पुन्हा थांबले. पुन्हा "हं". सात मिनिटांत त्या मोठ्या आवाजाच्या माणसानं एक शब्द काढला नाही. भिंगबाई मागच्या सीटवर बसली, वही शेजारी ठेवली आणि वहीवर पेन.

गाडी सुरू झाली ती इंजिनाच्या आवाजावरून कळली. निघाली केव्हा ते कळलं नाही. खांब मागे सरकताना दिसला तेव्हा कळलं. रस्त्यावर गर्दी होती, वखारवाले सगळ्यांच्या बरोबरीनं चालले होते, कोणी मागून भोंगा वाजवत नव्हतं. सिग्नल दिसायच्या आधीच त्यांचा पाय हलका व्हायचा. पुढची गाडी थांबेल हे तिच्या ड्रायव्हरच्या आधी यांना ठाऊक असायचं. आणि थांबताना, अगदी शेवटच्या क्षणी, ब्रेकवरचा पाय ते केसभर उचलत. गाडी उभी राहायची तशी राहायची, पण उभी राहिली असा क्षण सापडायचा नाही. भिंगबाई तो क्षण शोधत होती. चार सिग्नल झाले, तो तिला सापडला नाही.

"वेग माणसाला लागत नाही," मास्तरीणबाई पुढे बघत म्हणाल्या. "वेग वाढला, कमी झाला, तेही सोसतं. वेग बदलण्याचा जो दर, तोच एकदम बदलला की गचका बसतो. हे मी पोरांना फळ्यावर शिकवायचे, तेव्हा निम्मी झोपायची. ह्यांना कधी शिकवलं नाही. हे पायानं शिकले."

"मला नाही समजत हिचं ते," वखारवाले हळू म्हणाले. गाडीत त्यांचा आवाजही वेगळा होता. "मी फक्त हिचा श्वास ऐकतो. गाडी चुकतेय असं वाटलं की ही श्वास धरते. तेवढ्यात सुधारायचं."

पुढे फुटलेल्या फरशीचा एक लांब पट्टा होता. भिंगबाईनं दार घट्ट धरलं. चाकं एकेक करून खाली उतरली, एकेक करून वर आली, जणू चार पायांचं एखादं जनावर झोपलेलं पिल्लू पाठीवर घेऊन पाणी ओलांडत होतं. भिंगबाईनं शेजारी पाहिलं. पेन वहीवर होतं. ठेवलं तिथंच, ठेवलं तसंच.

अकरा वर्षं तिनं झिजेवरून माणसं ओळखली होती. घाईची झीज, रागाची झीज, निष्काळजीपणाची झीज. जी झालीच नाही ती झीज वाचायला ती कधी शिकलीच नव्हती. चोवीस वर्षं, रोज, प्रत्येक क्षणी, न झालेली. तिचा नव्वद हजारांचा अंदाज चुकला नव्हता. गाडी झिजली होती तेवढीच. बाकीचे तीन लाख किलोमीटर या माणसानं स्वतःवर घेतले होते.

परत आल्यावर तिनं पुन्हा तपासणी केली. भारावून सही करायची नाही, हे तिनं स्वतःला बजावलं होतं. गाडी वर उचलून ब्रेकच्या नळ्या हातानं चाचपल्या. एक जुनी झाली होती, ती बदलून घेतली. मग अर्ज पुढे ओढला. 'अवस्था' या रकान्यात तिनं लिहिलं, योग्य. 'कारण' या रकान्यात, स्वतः तपासली, स्वतः बसून पाहिली. खाली सही केली.

मॅनेजरनं कागद उजेडात धरला. "उंबराला फूल आलं की काय," तो म्हणाला, पण नेहमीसारखा हसला नाही. "आणि हे काय? सोबतच्या वस्तू: स्टेपनी, जॅक, पाना, पेन्सिल?"

"गाडीबरोबर जाते ती," भिंगबाई म्हणाली. "यादीत हवी."

नव्या गाडीचा मागचा उतार खाली आला, खुर्ची आत गेली, वखारवाल्यांनी तिची चाकं चार ठिकाणी बांधली आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली. "अहो," आतून आवाज आला, "आजपासून पाटी कोरी." नवी गाडी फाटकाच्या उंचवट्याशी पोचली. भिंगबाईनं नकळत श्वास धरला. गाडी पलीकडे गेली.

जुनी गाडी शेडमधून विक्रीच्या आवारात न्यायची होती. ते काम धुलाईवाल्याचं, पण चावी तिनंच घेतली. वाटेत गटारावर लोखंडी जाळी होती. त्या जाळीवरून ती दिवसातून दहा गाड्या नेत असे. आज जाळी दूर असतानाच तिनं पाय हलका केला. पुढची चाकं कशी गेली ते कळलंही नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, तेवढ्यात मागची चाकं खटकन आपटली. त्यांचा तिला विसर पडला होता.

तिनं गाडी उभी केली. मग शेजारी वाकून कप्पा उघडला, दोऱ्याची पेन्सिल घेतली आणि अकराव्या रेघेपासून जरा अंतर सोडून बारावी ओढली. बाकीच्यांइतकीच उंच.