जुन्या रिळातला धागा

मुलाखतीला आठ दिवस उरले होते आणि पुरातत्त्वाची चार जाडजूड पुस्तकं माझ्यापुढे आ वासून पडली होती. वयाच्या अटीमुळे विद्यापीठात प्रवेश मिळवायची ही माझी शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी माझा अर्जसुद्धा घेणार नव्हते. त्यामुळे मी दिसेल ते पाठ करत सुटले होते. थर, खड्डे, भराव, खापरं, नाणी. सकाळी पाठ केलेलं दुपारी गुल.

अभ्यासाची जागा म्हणजे आमचं आल्टरेशनचं दुकान. दुकान सासूबाईंचं. तयार कपडे आत घ्यायचे, सैल करायचे, उंची कमी करायची, फाटलं तर रफू. लग्न झाल्यापासून सात वर्षं मी तिथे काज-बटणं करत होते. आठ दिवसांची सुट्टी मी मागितली नव्हती, त्यांनीच दिली. पण घरी बसायचं नाही, माझ्यासमोर बसून वाचायचं, या अटीवर. मला तो सरळसरळ पहारा वाटला. मनातल्या मनात मी त्यांना हेडमास्तरीण म्हणू लागले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीन थांबवलं. "काय गं, तासभर एकच ओळ घोकतेयस?"

मी वाचून दाखवलं. खड्ड्यात सापडलेल्या वस्तूंवरून खड्ड्याचा काळ कसा ठरवायचा, याबद्दलचा भाग होता.

"कळलं?"

"पाठ झालंय."

"मी ते विचारलं नाही."

माझं डोकं तडकलं. आठवीत शाळा सुटलेल्या बाईने माझी परीक्षा घ्यावी, असं खरंच मनात आलं. आज हे सांगताना लाज वाटते. त्यांनी गिऱ्हाइकाचा एक करडा कोट उलटा केला आणि माझ्या उघड्या पुस्तकावर टाकला. "ह्याचं काय काय झालंय, सांग."

"आई, माझी तीनशे पानं राहिलीत."

"ती कुठे पळून जात नाहीत. सांग."

मी नाक मुरडत पाहिलं. बगलेखालच्या शिवणीच्या आतल्या बाजूला सुईच्या भोकांची एक जुनी ओळ होती, म्हणजे कोट कधीतरी आत घेतलेला. तिथेच अस्तरावर एक ठिगळ होतं, त्याचा धागा पार विटलेला.

"ठिगळ सगळ्यात जुनं," मी म्हणाले. "धागा बघा ना."

"धागा नको बघू. ठिगळाची टीप कशावरून गेलीय?"

"आत घेतलेल्या शिवणीवरून."

"मग आधी काय झालं?"

शिवण आधीची, ठिगळ नंतरचं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"धागा जुना म्हणून शिलाई जुनी होत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या डब्यात वीस वर्षांपूर्वीचं रीळ आहे. कालच त्यातला धागा लावला मी. उद्या कोणी तुझ्यासारखी शहाणी येईल आणि म्हणेल, हे वीस वर्षांपूर्वी शिवलंय."

कोट बाजूला करून मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. दीड पानात नेमकं हेच लिहिलं होतं.

मग उरलेले पाच दिवस प्रत्येक प्रकरणानंतर एक कपडा. पँट, परकर, एकदा तर कोणाचा तरी गणवेश. सगळी पानं काही झाली नाहीत, पण जी झाली ती डोक्यात राहिली.

मुलाखतीला तिघे होते. पहिल्या प्रश्नांना मी पोपटासारखी उत्तरं दिली आणि ती त्यांनी जांभया दाबत ऐकली. मग मध्ये बसलेल्या वयस्कर मॅडमनी एक फोटो पुढे सरकवला. खोदलेल्या चराची उभी बाजू, त्यात एक खड्डा, तळाशी नाणं. नाणं नऊशे वर्षांपूर्वीचं, शेजारची विटांची फरशी चारशे वर्षांपूर्वीची. खड्डा कधीचा?

"नाण्याच्या काळावरून," माझ्या जिभेने सुरुवात केली, आणि पुढची व्याख्या साफ उडाली. मी फोटोकडेच बघत राहिले. खड्ड्याने फरशी कापली होती.

"फरशीच्या नंतरचा," मी म्हणाले. "नाणं जुन्या रिळातलं आहे."

तिघांनीही माना वर केल्या. "कशातलं?"

मी रीळ, ठिगळ, टीप, सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. "हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

एखाद्या पुस्तकाचं नाव ठोकून देता आलं असतं. अर्जात घरच्या व्यवसायापुढे मी 'वस्त्रोद्योग' लिहिलं होतं, इतकी मी शहाणी.

"पुस्तकात नाही. माझ्या सासूबाई आल्टरेशन करतात. त्यांनी शिकवलं."

"त्यांचं पूर्ण नाव?"

मी सांगितलं. मॅडमनी ते माझ्या अर्जाच्या कडेला लिहून घेतलं. दुपारी फळ्यावर यादी लागली. माझा तिसरा नंबर होता.

दुकानात पोचले तेव्हा आई मशीनवरच होत्या. "मिळाला प्रवेश," मी म्हणाले. त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि पुढच्याच टाक्याला त्यांचा धागा तुटला. मग मी नाण्याचं सांगितलं, आणि नावाचं.

"माझं? तिथे?"

"लिहून घेतलं मॅडमनी."

त्या सुईत धागा ओवू लागल्या. दोनदा चुकला. चाळीस वर्षं त्यांनी जे काम केलं ते कोणाला दिसू नये अशाच बेताने केलं होतं. आमच्या धंद्यात टाका दिसला की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं.

"आई, हे तुमच्यामुळे झालं," मी म्हणाले. "आणि मी आठ दिवस तुमच्यावर चिडत होते."

"ते दिसत होतं मला." धागा ओवला गेला. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "आडनाव कुठलं सांगितलंस? इथलं की माहेरचं?"

"इथलं."

"हं."

त्या 'हं'मध्ये तक्रार नव्हती. पण मला उमगलं, की त्यांचं माहेरचं आडनाव मला सांगताच आलं नसतं. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची चूल कुठे होती ते मी घडाघडा पाठ केलं होतं, आणि सात वर्षं हातभर अंतरावर बसणाऱ्या बाईचं मूळ आडनाव मला माहीत नव्हतं.

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं.

त्यांनी सांगितलं. मग मी न विचारताच त्यांनी घर कुठे होतं तेही सांगितलं, वडील काय करायचे, शाळा कशी सुटली. काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, तरी त्या बोलायच्या थांबल्या नाहीत.